आधी महिना ठरवा, मग रेझिन कालवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मापाच्या, मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर तुम्ही कोकण रेल्वेच्या धर्तीवर एक खाडीपूल उभा केलात. भोवतीचे डोंगर हिरवेगार, खाडी ६० सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद. तळ निळा रंगवून जुलैतल्या एका रविवारी इपॉक्सी रेझिनचा (हार्डनर कालवला की काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाचा) एक सेंटिमीटरचा थर एकदम ओतलात. आता मधला भाग पिवळट पडलाय, एका कोपऱ्यात तीन आठवड्यांनीही बोट चिकटतं, वर दुधावरच्या सायीसारखा मेणचट पापुद्रा आहे आणि काठचं गवत रेझिन पिऊन काळपट झालंय. शिवाय तुम्हीच लिहिलंय की हे सगळं नीट झालं असतं तरी ‘पाणी कमी आणि टेबलावरची काच जास्त’ वाटली असती. काय चुकलं, आणि उखडावं लागेल का?

उखडावं लागणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पहिल्या चार बिघाडांची कारणं वेगवेगळी आहेत आणि ते चारही मी स्वतः करून बसलोय. पाचव्या तक्रारीचा, म्हणजे काचेचा, रेझिनशी संबंध नाही. ती चूक डबा उघडायच्या आधीच झालेली असते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं. त्याला ८७ ने भागलं तर एचओमध्ये १९.२६ मिलिमीटर यायला हवेत. आपण सगळे मात्र १६.५ च्या रुळांवर गाड्या पळवतो, कारण तयार मिळतात ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजच्या हिशेबाने बनवलेले. म्हणजे आपली अख्खी कोकण रेल्वे पावणेतीन मिलिमीटरनी अरुंद आहे. इतक्या वर्षांत घरी आलेल्या एकाही पाहुण्याने मला त्यावरून टोकलेलं नाही. पाणी मात्र प्रत्येकाने पाहिलेलं असतं. इंजिनाच्या बोगी मोजायला न येणारी मावशीसुद्धा खाडीकडे एक नजर टाकून म्हणते, ‘हे काय, स्विमिंग पूल का?’

तो स्विमिंग पूल होतो निळ्या रंगामुळे. पाणी निळं हे आपण चित्रकलेच्या वहीत शिकलो. दिसणाऱ्या पाण्याचा रंग तीन गोष्टींतून येतो: तळाचा रंग, पाण्यात तरंगणारा गाळ आणि वरच्या आभाळाचं प्रतिबिंब. कोकणात या तिन्ही गोष्टी महिन्यागणिक बदलतात. आषाढ-श्रावणात नदी जांभ्याची माती घेऊन येते आणि खाडी दूध जास्त पडलेल्या चहासारखी होते, तळ वगैरे काही दिसत नाही. दिवाळीच्या आसपास गाळ बसायला लागतो आणि करडा-हिरवा रंग येतो. स्वच्छ, तळचे गोटे मोजता येतील असं पाणी हवं असेल तर नदीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी जावं लागतं, तेही थंडीत. खाडीत भरती-ओहोटी रोज दोनदा चिखल ढवळते, त्यामुळे तिथे नितळ पाणी कधीच नसतं. वैशाखात बहुतेक नद्या आटतात, पण प्रत्येक नदीची आपली गोष्ट असते. चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहते, कारण कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडणारं पाणी तिच्यात सोडलेलं आहे. अशी माहिती हाताशी असली की पाणी आपोआप खरं होत जातं.

म्हणून रेझिन विकत घेण्याआधी एक वाक्य लिहून भिंतीला चिकटवा: ‘ही अमुक नदी, अमुक महिना, भरती किंवा ओहोटी.’ मी लेआउटवर मांडवी नदीचा तुकडा केला तेव्हा माझं वाक्य होतं ‘जानेवारी, सकाळ, ओहोटी अर्धी झालेली’. पुढचे तीन महिने रंगाचा, गवताचा, होडीच्या तोंडाचा प्रत्येक वाद त्या एका ओळीने मिटवला.

महिना ठरला की दुसरा प्रश्न, लेआउट किती उंचीवर आहे? हे कुणी विचारत नाही आणि खरं तर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. गुडघ्याएवढ्या टेबलावर लेआउट असेल तर तुम्ही पाण्यात वरून बघता, तळ दिसतो, खोली दिसते. छातीच्या उंचीवर असेल तर नजर पाण्याला घासून जाते आणि दिसतं ते फक्त पृष्ठभागावरचं प्रतिबिंब. पुलावर उभं राहून खाली बघणं आणि होडीत बसून समोर बघणं यात जो फरक, तोच हा. दुसऱ्या प्रकारात सेंटिमीटरभर रेझिन ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. तुमची खाडी, तीही पावसाळ्यातली, छातीच्या उंचीवर असेल तर दोन-तीन मिलिमीटर पुरतात. एक सेंटिमीटर कशालाच लागत नव्हतं.

जाड थराचं आणखी एक गणित आहे. इपॉक्सीचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) दीडच्या जरा वर असतो, पाण्याचा १.३३. त्यामुळे रेझिनमधला तळ पाण्यातल्या तळापेक्षा जास्त वर उचलल्यासारखा दिसतो. सहा मिलिमीटर ओतलेत तर डोळ्याला जेमतेम चार दिसतात. म्हणून खोलीचा भास थर वाढवून आणायचा नसतो, तो तळ रंगवून आणायचा. काठाला ओल्या चिखलाचा करडा, मग शेवाळी, मध्यावर जवळजवळ काळा-हिरवा. रंग ओले असतानाच एकमेकांत पसरवा, दोन रंगांच्या मध्ये रेघ दिसली की खेळ संपला. प्लायचा तळ अगदी सपाट असला तरी चालतो. माझ्या मांडवीचा ‘डोह’ सपाट सहा मिलिमीटर प्लायवर आहे आणि लोक त्यात बोट घालून बघायचा प्रयत्न करतात.

एक लक्षात ठेवा, रेझिनखाली गेलेली प्रत्येक सच्छिद्र गोष्ट गडद होते. वाळू ओली झाल्यावर काळपट दिसते तसंच. तळाची माती, वाळू, रंगवलेला चिखल हे सगळं हवं त्यापेक्षा दोन छटा फिकं ठेवा. आधी एका प्लायच्या तुकड्यावर तोच तळ करून त्यावर चमचाभर रेझिन टाकून पाहा.

कोकणचा काठ करायचा तर जांभ्याची खरी माती वापरण्यासारखं दुसरं काही नाही. ती तव्यावर कोरडी भाजून घ्या आणि मलमलीच्या फडक्यातून चाळा. मग कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. जांभ्यात लोह असतं आणि त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात. ते राहिले तर आज ना उद्या इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. हे मी एक मोटर जाळून शिकलो.

पुलाच्या खांबांकडे मात्र वेळ द्या. भरतीच्या खाडीतल्या खांबावर पाण्याची रेघ एक नसते, पट्टा असतो. खाली सतत ओला काळा-शेवाळी भाग, त्यावर कालवांचा आणि शिंपल्यांचा खरबरीत पांढुरका थर, त्याहून वर सुकलेल्या चिखलाचे डाग, आणि मग कोरडं काँक्रीट. हा सगळा पट्टा मिळून ओहोटीच्या रेषेपासून उधाणाच्या रेषेपर्यंत असतो. कोकण किनाऱ्यावर दोन-अडीच मीटरचा फरक धरलात तर एचओत सव्वादोन ते तीन सेंटिमीटर. लोक खांब स्वच्छ करडे ठेवतात आणि मग पाणी खोटं का दिसतं म्हणून रेझिनला दोष देतात. तुम्ही ओहोटी निवडलीत तर हा पट्टा आणि काठच्या तिवरांची उघडी मुळं दाखवायला मिळतात. भरती निवडलीत तर दोन्ही बुडतात आणि काम निम्मं होतं. आळशी माणसाने भरती घ्यावी.

आता तुमचे चार बिघाड.

पिवळेपणा उष्णतेने आला. इपॉक्सी वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक जुळणी होते आणि त्यात उष्णता बाहेर पडते. किती तापेल हे किती माल एका जागी साचलाय त्यावर ठरतं. शंभर ग्रॅम मिश्रण पेल्यात तसंच ठेवलं तर पेला हातात धरवत नाही, कधी धूरही निघतो. तेच परातीत पसरलं तर कोमट सुद्धा होत नाही. तुमच्या खाडीचं क्षेत्रफळ १५०० चौरस सेंटिमीटर, एक सेंटिमीटर जाडीला दीड लिटर झालं. मध्ये सगळ्यात खोल, म्हणून मध्येच सगळ्यात जास्त तापलं आणि पिवळं पडलं. बाजारात मोटामोटी दोन जातींचं रेझिन मिळतं. एक टेबलटॉपवर लेप द्यायचं, दाटसर आणि लवकर पकडणारं, त्याची मर्यादा तीन ते पाच मिलिमीटर. दुसरं ओतकामाचं, पातळ आणि संथ, ते काही सेंटिमीटर एकदम चालतं पण घट्ट व्हायला दोन-तीन दिवस घेतं. डब्यावर जास्तीत जास्त थर किती ते छापलेलं असतं. तुमचं पहिल्या जातीचं असणार. दहा अंशांनी तापमान वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून डब्यावर लिहिलेली चाळीस मिनिटं मे महिन्यात डोंबिवलीच्या गच्चीवरच्या खोलीत वीसच धरा.

चिकट कोपरा हा मोजण्याचा किंवा कालवण्याचा दोष. तुम्ही लिहिलंय की डब्यावर दोनास एक असं प्रमाण होतं आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलंत. इथे एक खोच आहे. ते प्रमाण वजनाचं की मापाचं? रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९७ धरली तर मापाचे दोनास एक म्हणजे वजनाचे शंभरास बेचाळीस. तुम्ही वजनाने शंभरास पन्नास घातले असतील तर हार्डनर जवळजवळ पंचमांशाने जास्त पडला. घनता प्रत्येक मालाची वेगळी, तेव्हा डब्यासोबतचा कागद वाचायचा आणि तो वजनाचं म्हणत असेल तर काटा, मापाचं म्हणत असेल तर रेघा असलेला पेला.

‘हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर पकडतं’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो पॉलिएस्टर रेझिनचा सल्ला आहे, ज्याला हार्डवेअरच्या दुकानात फायबरचं रेझिन म्हणतात. त्यात टक्का-दोन टक्के कॅटॅलिस्टचे थेंब टाकतात आणि थेंब वाढवले की वेग वाढतो. इपॉक्सीत हार्डनर हा थेंब नव्हे, तो निम्मा संसार आहे. एका बाजूची माणसं जास्त झाली तर ती जोडीदाराविना उरतात आणि तोच चिकटपणा. दुकानदाराकडून ‘फायबरचं’ हातात पडलं तर परत करा. ते थर्माकोल विरघळवतं आणि आठवडाभर घरात घाणेरडा वास राहतो. इपॉक्सी थर्माकोल विरघळवत नाही, पण जाड थराच्या उष्णतेने तो खचू शकतो.

तुमचा फक्त एकच कोपरा चिकट आहे, त्यावरून मला कालवण्याचाही संशय येतो. पेल्याच्या भिंतीला आणि तळाच्या कडेला चिकटलेलं रेझिन हार्डनरला भेटतच नाही, आणि शेवटी पेला उपडा करून चमच्याने खरवडून आपण तेच खाडीत घालतो. चार मिनिटं सावकाश ढवळा, भिंती खरवडत. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओता आणि पुन्हा दोन मिनिटं ढवळा. ओतताना दुसरा पेला खरवडायचा नाही. दोन चमचे माल वाया जाऊ दे. फेसाळ ढवळू नका, ताक घुसळत नाही आहोत.

साय आली ती जुलैमुळे. हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळतात आणि वर मेणचट थर येतो. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळी हवेत हे होणारच. मी जून ते सप्टेंबर रेझिनला हात लावत नाही, त्या चार महिन्यांत झाडं करतो. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. अगदीच करायचं तर खोली बंद करून एसी कोरड्या हवेवर तासभर आधी लावा आणि ओतल्यावर वर खोकं उपडं घाला. पुण्याच्या थंडीत उलटी अडचण येते. रेझिनच्या बाटलीत साखरेसारखे पांढरे कण दिसतात. ते खराब नसतं, थंडीने गोठलेलं असतं. झाकण घट्ट लावून बाटली हाताला सोसेल अशा गरम पाण्यात ठेवा, नितळ होईपर्यंत. मग गार करून वापरा.

चौथा बिघाड, काठचं गवत. पातळ रेझिन दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. गवत, भुसा, कापसाचे तंतू, सगळ्यांतून. याला औषध नाही, क्रम बदलणं हाच उपाय. पाण्याच्या रेषेवरचे चार-पाच मिलिमीटर काठ फक्त रंगवलेले, सीलबंद, गुळगुळीत ठेवा. पाणी ओतून पक्कं झालं की मग तिथे माती आणि गवत लावा. सगळं सजवून शेवटी पाणी, हा जो आपला उत्साह असतो तोच घात करतो. चढलेल्या भागाची चकाकी घालवायला मॅट वार्निशचा हात पुरतो.

सीलबंद म्हटलं, त्यावर दोन शब्द. पीओपी, प्लाय, माती, सगळं हवा धरून ठेवतं. रेझिन आत शिरलं की हवा बुडबुडे बनून वर येते, तेही मिश्रण दाट झाल्यावर, म्हणजे अर्ध्या वाटेत अडकायलाच. पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात आणि वर अॅक्रिलिक वार्निशचा एक, प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा. सुकला असं वाटलं की आणखी एक रात्र. ओलावा राहिला तर खालून दुधाळ होतं, आणि ते दुरुस्त होत नाही.

गळतीची भीती तुम्ही विचारली नाहीत, कारण तुमचं गळलं नाही. माझं गळलंय. खाडीच्या तळाशी सिग्नलची वायर नेलेलं एक भोक होतं, मी ते लांबीने (पुट्टीने) बुजवल्याची मला खात्री होती. सकाळी पाणी निम्मं आणि लेआउटच्या पाटाखालचं, रूळ बदलणारं पॉइंट मोटर पारदर्शक ठोकळ्यात, पेपरवेटसारखं. तेव्हापासून मी आधी पाणी ओतून बघत नाही (ओलावा!), तर रात्री खोली अंधारी करून खाली टॉर्च धरतो. उजेड आला तिथून रेझिन जाणार. समोरच्या कडेला धरण घालायचं तर अॅक्रिलिकच्या पट्टीवर पॅकिंगची ब्राउन टेप गुंडाळा, तिला रेझिन धरत नाही आणि नंतर पट्टी सहज सुटते. बाहेरून सांध्याला सिलिकॉन. पाणसळ लावून लेआउट तपासा, कारण रेझिन स्वतःची पातळी शोधतं आणि वाकडं टेबल लपवत नाही.

आता तुमच्या मापाच्या खाडीला तीन मिलिमीटरचा थर म्हणजे ४५० मिलिलिटर, वजनाने साधारण अर्धा किलो. नदीचा काठ वेडावाकडा असतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमीच लागेल. दोन थर द्यायचे असतील तर पहिला बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही अशा अवस्थेत दुसरा ओता, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. ती वेळ चुकली आणि खालचा पक्का झाला तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात मारून मगच ओता. तो पांढरा पडलेला भाग ओतल्यावर पुन्हा पारदर्शक होतो, घाबरू नका. रंग घालायचाच तर खालच्या थरात, टूथपिकच्या टोकावर येईल एवढा. पाण्यात मिसळणारा रंग जास्त पडला तर मिश्रण घट्ट होत नाही. बुडबुड्यांवर केस वाळवायचा ड्रायर लोक सुचवतात. तो धूळ उडवतो आणि रेझिन काठावर ढकलतो. लायटरची ज्योत झपकन वरून फिरवली की बुडबुडे फुटतात, फक्त नायलॉनच्या गवतापासून लांब.

हातात नायट्राइलचे मोजे घाला. हे मी कानाला खडा लावून सांगतोय. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा बसली की उतरत नाही, पुढे नुसत्या वासानेही मनगटावर पुरळ उठतं. हाताला लागलं तर साबण-पाणी. अॅसिटोनने पुसू नका, तो रेझिनला त्वचेत आणखी आत नेतो. खिडकी उघडी ठेवा आणि पॉलिश पेपर मारताना मास्क लावा. उरलेलं मिश्रण पेल्यात ठेवून जेवायला जाऊ नका, जुन्या ताटलीत पसरून ठेवा.

पृष्ठभागाकडे येतो, कारण ‘काच’ तिथेच मोडते. इपॉक्सी स्वतः सपाट होतं, त्यात लाटा होत नाहीत. लाटा करायच्या त्या पक्क्या झालेल्या रेझिनवर, चित्रकारांच्या दुकानात मिळणाऱ्या अॅक्रिलिक ग्लॉस जेलने. पांढरं लागतं, सुकल्यावर पारदर्शक होतं. सपाट ब्रशने टपटप करत पातळ लावा. स्केल विसरू नका. एचओत एक मिलिमीटर म्हणजे खरे पावणेनऊ सेंटिमीटर. जेलची पाच मिलिमीटर उंच लाट केलीत तर खाडीत जवळजवळ दीड फुटाची लाट झाली. शांत खाडीला ब्रशच्या केसांची नुसती खूण पुरते. खांबांपाशी मात्र प्रवाह दाखवा. वरच्या अंगाला छोटा फुगवटा, खालच्या अंगाला लांबत जाणारा व्ही. ओहोटी असेल तर तो व्ही समुद्राकडे.

होड्याही याच नियमाने. नांगरून ठेवलेल्या सगळ्या होड्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, प्रवाहाच्या समोर. कुणी पूर्वेला, कुणी पश्चिमेला अशा होड्या फक्त मॉडेलवर दिसतात. होडी रेझिनमध्ये बुडवू नका, पाण्याखालचा भाग कापून टाका आणि सपाट बूड पृष्ठभागावर चिकटवा, फट जेलने भरा.

धबधबा तुम्ही पुढे करणार म्हणताय, पण त्यात इपॉक्सीचं काम नाही. पॉलिथिनवर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या रेघा ओढा, जुन्या कंगव्याने विंचरा, सुकल्यावर सोलून कड्यावर लावा आणि पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. दूधसागरच्या मापाच्या नादी लागू नका. ३१० मीटरचा धबधबा एचओत साडेतीन मीटरच्या वर जातो, छत फोडावं लागेल. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलचा ६४ मीटर उंच पूल पाऊण मीटरला काही मिलिमीटर कमी, तो शक्य आहे. कर्नाटकात शरावती नदीवरचा दोन किलोमीटरहून थोडा लांब पूल तेवीस मीटरच्या पुढे जातो. आपण सगळे छोटं करतो, ती फसवणूक चालते.

तर तुमची खाडी वाचवायची कशी? चिकट कोपऱ्यातला मऊ भाग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा, तळापर्यंत मऊ असेल तर तेवढा खड्डा होऊ द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने तो पुसून घ्या. साय घालवायला कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ घासणी. ती पाण्यात विरघळते, थिनरने फक्त पसरते. कोरडं झालं की सगळ्या पृष्ठभागावर १८० चा, मग २२० चा पॉलिश पेपर मारा. खाडी आता पांढरट, आंधळी दिसेल. खड्डा नीट कालवलेल्या थोड्या रेझिनने भरून सपाट करा, पण हे आत्ता नाही, हवा कोरडी झाल्यावर.

मग पिवळा भाग? तो काढू नका, झाका. तुम्ही डोंगर हिरवेगार केलेत, म्हणजे महिना तुम्ही आधीच ठरवला होता. त्या डोंगरांखाली निळं पाणी असूच शकत नव्हतं, तिथे गढूळ लालच हवं. रेझिनवरच अॅक्रिलिक रंग लावा, खड्ड्याची जागा तेवढी तो भरेपर्यंत सोडा. गेरूच्या जवळचा तांबूस, पिवळी माती आणि थोडा पांढरा, असे तीन-चार जवळजवळचे टोन, प्रवाहाच्या दिशेने लांब फटकाऱ्यांत. मध्ये कुठेतरी फेसाची एक वेडीवाकडी रेघ, कारण दोन धारा मिळतात तिथे फेस आणि कचरा एका ओळीत वाहतो. त्या ओळीत एक झावळी, एखादा ओंडका. पुराचं रौद्र रूप मी करणार नाही, जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलेलं पाहिलेल्या माणसाला ते खेळण्यावर नको वाटतं. श्रावणातली साधी भरलेली खाडी पुरे.

काळपट झालेल्या गवतावर मॅट वार्निश मारा आणि वरून नवं, जास्त पोपटी गवत लावा. पावसाळ्यात गवत पाण्यात उतरलेलंच असतं, तुमची चूक तिथे शोभून जाईल. शेवटचं ग्लॉस जेल मात्र आत्ता लावू नका. दमट हवेत ते आतून दुधाळच राहतं. रंग लावून झाला की वर खोकं उपडं घाला, आणि नोव्हेंबरपर्यंत खांबांवरची कालवं रंगवत बसा.